दोन आकडे आणि एक ताट

गोदाकाठच्या एका गावात एक आत्याबाई राहतात, असे समजा. त्यांचे नाव काहीही ठेवा. अशा आत्याबाई गावोगाव आहेत. वय पंचावन्न. सारा जन्म शेतात गेला. कधी दवाखान्याची पायरी चढल्या नाहीत. पण अलीकडे त्यांना दम लागतो. पाण्याचा हंडा उचलला की छाती धडधडते. उठून उभ्या राहिल्या की डोळ्यांपुढे अंधारी येते. लेक म्हणाली, "आई, एकदा रक्त तपासून घे."

रक्त तपासले. चिठ्ठी हातात आली. आत्याबाई वर्षभर प्रौढ वर्गाला जात होत्या. त्यांना आता अक्षरे लावता येतात. आकडे तर चांगलेच वाचता येतात. त्यांनी चिठ्ठी स्वतः वाचली. हिमोग्लोबिन ९. कोलेस्टेरॉल २४०.

मग घरोघरचे सल्ले सुरू झाले. शेजारीण म्हणाली, "अंगात रक्त नाही तुमच्या. कलेजी खा. तूप खा. गूळ खा." पुतण्या म्हणाला, "आत्या, रक्तात चरबी वाढलीय. मटण बंद. अंडी बंद. तूप बंद. कोंडा खात जा."

आत्याबाई बुचकळ्यात पडल्या. एकाचे ऐकावे तर दुसरे दुखणे वाढते. खावे तरी काय?

शेवटी त्यांनी मनानेच एक उपाय केला. गव्हाचा कोंडा आणला. तो मूठ मूठ भाकरीच्या पिठात मिसळला. लोहाची गोळी मिळाली होती, ती त्या भाकरीबरोबर घेतली. वरून कपभर चहा. असे तीन महिने चालले. पुन्हा रक्त तपासले. हिमोग्लोबिन नऊच!

आत्याबाईंचे चुकले कुठे? चोथा खाणे चूक नव्हते. गोळी घेणेही चूक नव्हते. चोथा कोणता खावा, कशाबरोबर खावा आणि गोळी कोणत्या वेळी घ्यावी, हे चुकले. आज तेच समजून घेऊ.

दोन आकड्यांचा अर्थ

आपले रक्त लाल आहे ते हिमोग्लोबिनमुळे. श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवण्याचे काम हिमोग्लोबिन करते. ते तयार व्हायला लोह लागते. हिमोग्लोबिन कमी झाले की त्याला रक्तक्षय म्हणतात. मोठ्या बाईचा आकडा १२ च्या खाली नसावा. पुरुषाचा १३ च्या खाली नसावा. गरोदर बाईचा ११ च्या खाली नसावा. हा आजार काही दुर्मीळ नाही. २०१९ ते २०२१ या काळात देशभर आरोग्याची पाहणी झाली. तेव्हा महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी ५४ जणींना रक्तक्षय आढळला.

दुसरा आकडा कोलेस्टेरॉलचा. कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ आहे. तो शरीराला थोडा लागतोच. पण फार झाला तर रक्तवाहिन्यांच्या आत त्याचा थर बसतो. पाटाच्या पाण्यात गाळ साचावा, तसे होते. वाट अरुंद होते. मग हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होण्याची भीती असते. हा आकडा २०० च्या आत असावा.

हे दोन्ही आजार एकाच माणसाला होऊ शकतात. "अंगात रक्त कमी आहे, मग चरबी कुठून वाढली?" असे लोक विचारतात. पण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सडपातळ बाईचेही कोलेस्टेरॉल वाढलेले असू शकते.

चोथा म्हणजे काय?

धान्य, डाळी, भाज्या, फळे यांचा जो भाग आपल्या पोटात पचत नाही, तो चोथा. पुस्तकात त्याला तंतुमय पदार्थ म्हणतात. दूध, मांस, अंडी, तेल, साखर यांत चोथा नसतो.

चोथा दोन प्रकारचा असतो. एक खरखरीत. गव्हाचा कोंडा या प्रकारचा. तो पाण्यात विरघळत नाही. त्याने पोट साफ होते.

दुसरा बुळबुळीत. भेंडी चिरताना हाताला तार लागते ना? जवस किंवा मेथीदाणे भिजवले की बुळबुळीत होतात ना? इसबगोल पाण्यात फुगते ना? तो हा चोथा. डाळी, मटकी, हरभरा, चवळी, पेरू, सातू यांतही तो असतो. कोलेस्टेरॉल कमी करतो तो मुख्यतः हा दुसरा चोथा.

कसा? ते पाहू. आपल्या पोटात यकृत आहे. बकऱ्याच्या यकृताला आपण कलेजी म्हणतो. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्त बनवते. पित्त आतड्यात उतरते आणि खाल्लेले तेलतूप पचवते. काम झाले की बहुतेक पित्त परत यकृतात जाते. रहाटाचे पोहरे रिकामे होऊन पुन्हा विहिरीत जातात, तसाच हा फेरा आहे. बुळबुळीत चोथा आतड्यात यातले काही पित्त धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. पोहरे कमी पडले की नवे करावे लागतात. यकृताला नवे पित्त करावे लागते. त्यासाठी ते रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेते. रक्तातला आकडा खाली येतो.

आत्याबाईंनी कोंडा खाल्ला. कोंड्याने पोट साफ झाले असेल. पण कोलेस्टेरॉलला त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

कोंडा लोहाला अडवतो

कोंड्याची आणखी एक गोष्ट आहे. प्रत्येक दाणा आपल्या कोंबासाठी शिदोरी बांधून ठेवतो. या शिदोरीत फायटेट नावाचा पदार्थ असतो. धान्यात तो मुख्यतः कोंड्यात आणि अंकुरात साठतो. हा फायटेट लोहाला धरून बसतो. आतड्यातून लोह रक्तात जाऊ देत नाही. चहाही तेच करतो. चहातला तुरट अंश लोहाला अडवतो.

म्हणजे आत्याबाईंनी गोळी घेतली खरी. पण एका बाजूने कोंड्याने तिला धरले आणि दुसऱ्या बाजूने चहाने. गोळीतले बरेचसे लोह आले तसे बाहेर गेले.

मग काय, भाकरी सोडायची? पीठ चाळून कोंडा फेकायचा? मुळीच नाही. ज्वारी, बाजरी, गहू आख्खे दळून खावेत. पीठ चाळू नये. धान्यात जेवढा कोंडा निसर्गाने दिला आहे तेवढा पुरे. वरून आणखी मिसळू नये, एवढेच.

फायटेट आणि चहा यांच्यावर मात करायला चार साध्या युक्त्या आहेत.

पहिली युक्ती, मोड आणा किंवा आंबवा. दाण्याला मोड फुटू लागला की शिदोरी सुटते. फायटेट मोडतो. म्हणून मटकी, मूग, हरभरा मोड आणून खावा. ज्वारीचे पीठ भिजवून, आंबवून केलेली आंबील या कामी चांगली.

दुसरी युक्ती, जेवणात ताजे आंबट घ्या. लिंबू, आवळा, पेरू, मोसंबी यांत क जीवनसत्त्व असते. ते लोहाला सोडवून रक्तात जायला मदत करते. आवळ्यात आणि पेरूत ते भरपूर असते. पण उकळण्याने ते नष्ट होते. म्हणून लिंबू शिजताना पिळू नका. ताटात वाढल्यावर पिळा. जालन्याची मोसंबी तर नावाजलेली आहे. २०१६ साली तिला सरकारी भौगोलिक मानांकनही मिळाले. मोसंबीचा रस काढून चोथा फेकू नका. फोडी खा. म्हणजे दोन्ही कामे होतात.

तिसरी युक्ती, चहाला जेवणापासून दूर ठेवा. जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा नको. चहा बंद करा असे कोणी म्हणत नाही. फक्त वेळ बदला.

चौथी युक्ती, लोखंडी कढई वापरा. अंबाडीसारखी आंबट भाजी लोखंडी कढईत शिजवली की थोडे लोह भाजीत उतरते. भाजी काळसर दिसते. तिला भिऊ नका. शिजल्यावर मात्र दुसऱ्या भांड्यात काढून ठेवा.

आपल्या मातीतले लोह

आपल्या भागात ज्वारी आणि बाजरी पिकते. काही घरांत आता "भाकरी गरिबाची, पोळी श्रीमंताची" असे मानतात. पाहुणा आला की भाकरी लपवतात. पण आकडे काय सांगतात? शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा आणि ४ मिलीग्रॅम लोह असते. बाजरीत ११ ग्रॅम चोथा आणि ५ ते ६ मिलीग्रॅम लोह असते. पांढऱ्या तांदळात चोथा ३ ग्रॅमसुद्धा नसतो आणि लोह १ मिलीग्रॅमही नसते. मैद्यातही चोथा ३ ग्रॅमच्या आतच.

शेतकरी बांधवांनी आणखी एक गोष्ट ऐकावी. परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. या विद्यापीठाने जास्त लोहाचे वाण काढले आहेत. बाजरीचे दोन वाण आपल्याच शहराच्या केंद्रातले आहेत. एकाचे नाव एएचबी १२००. ते २०१७ साली आले. दुसरे एएचबी १२६९. ते २०१८ साली आले. तेव्हा शहराचे नाव औरंगाबाद होते. नावातला 'ए' त्याचाच. नेहमीच्या बाजरीत किलोमागे ४५ ते ५० मिलीग्रॅम लोह धरतात. एएचबी १२०० मध्ये ते ७३ आहे आणि एएचबी १२६९ मध्ये ९१. ज्वारीचे परभणी शक्ती नावाचे वाणही २०१८ साली आले. त्यात किलोमागे ४५ मिलीग्रॅम लोह आहे.

अशी बाजरी खाऊन खरेच फरक पडतो का? महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांवर याचा प्रयोग झाला आहे. काही मुलांना जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी रोज दिली. काहींना साध्या बाजरीची दिली. जास्त लोहाची भाकरी खाणाऱ्या मुलांच्या शरीरातला लोहाचा साठा काही महिन्यांत वाढला. २०१५ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. बियाणे घेताना पिशवीवरचे नाव वाचा. आता तुम्हाला वाचता येते.

एका दिवसाच्या ताटाचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने रोज निदान २५ ग्रॅम चोथा खावा. आपल्या ताटात तो मिळतो का? हिशेब करू.

एक ज्वारीची आणि एक बाजरीची भाकरी, मिळून १२० ग्रॅम पीठ. चोथा १३ ग्रॅम.
मोड आलेल्या मटकीची उसळ, कोरडी मटकी ३० ग्रॅम. चोथा साडेचार ग्रॅम.
तुरीचे वरण, डाळ ३० ग्रॅम. चोथा अडीच ग्रॅम.
मेथीची भाजी, १०० ग्रॅम. चोथा ५ ग्रॅम.
अर्धा पेरू. चोथा ४ ग्रॅम.

बेरीज झाली २९ ग्रॅम. बाजारातून डबा आणावा लागला नाही. कोंडा विकत घ्यावा लागला नाही. वर चमचाभर जवसाची चटणी असेल तर सोन्याहून पिवळे. जवस भाजून कुटून खावा. आख्खा दाणा तसाच बाहेर पडतो.

आता लोहाचा हिशेब. याच ताटात सुमारे १४ मिलीग्रॅम लोह आहे. बाईची रोजची गरज २९ मिलीग्रॅम धरलेली आहे. पुरुषाची १९. शिवाय धान्य-भाजीतले सगळे लोह रक्तात जात नाही. शंभर भागांतले पाच-दहा भागच जातात.

म्हणून एक गोष्ट नीट समजून घ्या. रक्त फार खाली गेले असेल तर नुसत्या ताटाने ते लवकर भरून येत नाही. गोळी लागतेच. गोळीने रक्त भरते. ताटाने ते टिकते.

लाल रंगाला भुलू नका

बीट लाल आहे, डाळिंब लाल आहे, म्हणून त्यांनी रक्त वाढते असे लोकांना वाटते. शंभर ग्रॅम बिटात लोह १ मिलीग्रॅमही नसते. डाळिंबात त्याहून कमी. ती खाऊ नका असे नाही. पण त्यांच्या भरवशावर राहू नका. गुळात लोह असते. पण शंभर ग्रॅम गूळ खाल्ला तर ४-५ मिलीग्रॅम मिळेल. एवढा गूळ रोज खाल्ला तर साखरेचा आजार दारात उभा राहील.

कलेजीचे काय? कलेजीत चांगले लोह असते. ते रक्तात लवकर जाते. पण कलेजीत कोलेस्टेरॉलही खूप असते. ज्याला दोन्ही आजार आहेत त्याने ती रोज खाऊ नये. क्वचित थोडी खावी, तीही डॉक्टरांना विचारून. मांसाहार करणाऱ्यांनी मासे किंवा कातडी काढलेली कोंबडी खावी. थोडे मांस-मासे जेवणात असले की धान्यातले लोहही जास्त घेतले जाते.

चोथा वाढवून भागत नाही. वाईट चरबी कमीही केली पाहिजे. वनस्पती तूप, गाड्यावरची भजी-वडे, पुन्हा पुन्हा तापवलेले तेल, फरसाण, खारी, बिस्किटे कमी करा. चहा-बिस्किटांची न्याहारी तर दुहेरी तोट्याची. बिस्किटात मैदा आणि चरबी, चोथा नाही. त्यावर चहा लोहाला अडवतो. त्यापेक्षा शिळी भाकरी आणि वाटीभर उसळ कितीतरी बरी. घरचे तूप चमचाभर चालेल, वाटीभर नको. तेल घरात महिन्याला माणशी अर्ध्या लिटरच्या वर जाऊ देऊ नका.

गोळीची वेळ

लोहाची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ती लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. जेवण, चहा, दूध यांपासून दूर घ्यावी. पोटात मळमळले तर थोडे खाऊन घ्यावी, पण सोडू नये. इसबगोल घेत असाल तर गोळी आणि इसबगोल यांत दोन तास अंतर ठेवा. इसबगोलाबरोबर भरपूर पाणी प्या.

गोळीने शौच काळे होते. त्याला घाबरू नये. काहींना पोट साफ होत नाही. म्हणून पुष्कळ बाया गोळी सोडून देतात आणि कोणाला सांगत नाहीत. इथे चोथा उपयोगी पडतो. भाज्या, उसळ, पेरू आणि पुरेसे पाणी यांनी पोट मोकळे राहते. मग गोळी सोडावी लागत नाही. चोथा मात्र हळूहळू वाढवा. एकदम वाढवला तर पोट फुगते.

कोलेस्टेरॉलची गोळी दिली असेल तर तीही मनाने बंद करू नका. घरात कोणाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोह घेऊ नका.

रक्त जाते कुठे?

रांजण रिकामा होत असेल तर नुसते पाणी भरून काय उपयोग? भोक शोधले पाहिजे. पाळीत फार रक्त जाणे, मूळव्याध, पोटातला व्रण, आतड्यातले जंत यांनी रक्त कमी होते. पाळी गेलेल्या बाईचे किंवा पुरुषाचे रक्त कमी झाले तर कारण शोधलेच पाहिजे. कधी आतड्यात गाठही असू शकते. बी-१२ हे जीवनसत्त्व कमी पडले तरी रक्तक्षय होतो. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले तर रक्तक्षय आणि कोलेस्टेरॉल दोन्ही होऊ शकतात. म्हणून दोन्ही आकडे बिघडले असतील तर "थायरॉइड तपासावे का?" असे डॉक्टरांना विचारा. गावच्या आशाताईंना विचारा. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथे भागले नाही तर शहरात घाटी दवाखाना आहेच.

आपल्या आत्याबाईंचे काय झाले? उपकेंद्रातल्या सिस्टरने त्यांना जवळ बसवून हळूच विचारले, "आत्या, शौचाच्या वेळी रक्त जातं का?"

आत्याबाई खाली मान घालून म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, बाई. लाजेनं कुणाला सांगितलं नाही. घरी पण ठाऊक नाही."

"आत्या, दुखण्याची कसली लाज? आधी डॉक्टरांना दाखवू. मग ताट बदलू."

डॉक्टरांनी तपासले. मूळव्याध निघाली. तिचा इलाज सुरू झाला. उसळी-भाज्यांच्या चोथ्याने शौच मऊ झाले, रक्त जाणे कमी झाले. कोंडा बंद झाला. चहा दुपारी चार वाजता गेला. गोळी लिंबूपाण्याबरोबर सुरू झाली. तीन महिन्यांनी चिठ्ठी आली. हिमोग्लोबिन ११. कोलेस्टेरॉल २१५. अजून थोडी वाट चालायची आहे. पण वाट बरोबर आहे.

आत्याबाईंनी ती चिठ्ठी घडी घालून ठेवली नाही. शेजारणीला वाचून दाखवली. मग म्हणाल्या, "तू पण एकदा तपासून घे. चिठ्ठी मी वाचून देते."

लक्षात ठेवा

१. भाकरी आख्ख्या पिठाची खा. वरून कोंडा घालू नका.
२. रोज मोडाची उसळ, वरण आणि पालेभाजी खा.
३. वाढल्यावर लिंबू पिळा. पेरू, आवळा, मोसंबी खा.
४. चहा जेवणापासून एक तास दूर ठेवा.
५. गोळी सोडू नका. आपल्या चिठ्ठीवरचे दोन आकडे स्वतः वाचा.
६. रक्त जात असेल तर लपवू नका. सांगा.